दाराच्या कडीला झबलं

अन्याय झाला तो आमच्या बी विंगच्या तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मावशींवर. कधी झाला तेही लिहून ठेवते, कारण थोड्या दिवसांनी लोक म्हणतील की असं काही घडलंच नव्हतं. यंदाच्या होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, मीरा रोडच्या शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चहा आला होता, आणि बिल्डिंगमधल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी हजर होतं. आमच्या घरातून दोघी होतो. आई आणि मी.

मावशींचं नाव लिहीत नाही. त्या दिवशी त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही, मग मी त्यांचं कशाला घेऊ.

पण त्यांची एक खूण सांगते. आमच्या गल्लीत कधी साडीला फॉल-पिको करून घेतलं असेल, तर तुम्हीही ती पाहिली असेल. उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडायची, मिटायची आणि तोंडाने म्हणायचं, "कच्च." दोरा तोडताना तर हे असायचंच, पण जगात बाकी जे काही संपेल त्यालाही हेच. लाइट गेले, कच्च. चौथ्या मजल्यावरच्या मुलाची नोकरी सुटली, कच्च. ए विंगमधलं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा अख्खी बिल्डिंग कारणं शोधत होती. मावशींनी बोटं मिटली आणि पुढची साडी ओढली.

त्या रत्नागिरीकडच्या. नवरा गेल्यावर काही वर्षं मुंबईत काढली, मग तिथलं भाडं झेपेना म्हणून मीरा रोडला आल्या. एका खोलीत मशीन, पलंग, गॅस, आणि दारात गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. त्या खुर्चीवर गिऱ्हाईक कधीच बसू शकायचं नाही, कारण तिच्यावर पोस्टमन असायचा.

पोस्टमन म्हणजे त्यांचा बोका. पिवळा, जाड मानेचा, चालताना कुणाला वाट न देणारा. रोज सकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक दाराशी जाऊन यायचा, म्हणून हे नाव. कुणी दूध द्यायचं, कुणी चप्पल उगारायचं. तो दोन्ही सारख्याच शांतपणे स्वीकारायचा.

ह्या पोस्टमनने एकदा एका नवरीच्या शालूवर आपला शिक्का मारला. ज्यांनी घरात बोका पाळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: वयात आलेला बोका आपली हद्द आखायला जे फवारतो, त्याचा वास भिंतीतून जात नाही, तर शालूतून काय जाणार. मावशींनी तो रिठ्याने धुतला, सावलीत वाळवला, धूप दाखवला. नवरीची आई घ्यायला आली, तिने नाक आक्रसून विचारलं, हा कसला वास येतोय. मावशी म्हणाल्या, "अस्सल जरीला येतो."

हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या की पदराने डोळे पुसावे लागायचे. पण त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या जीन्सची शिवलेली आपली पिशवी घेतली, पोस्टमनला तिच्यात घातलं आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "ह्याचं कच्च करा."

तर, आमच्या बिल्डिंगमध्ये नसबंदी झालेलं पहिलं पाळीव मांजर म्हणजे पोस्टमन. पहिलं, आणि पुढे दोन वर्षं एकमेव. हे लक्षात ठेवा.

मी मांजरांच्या नसबंदीचा प्रचार करते. आम्ही चार-पाच जण आहोत. पत्रकं छापतो, दारोदार जातो, कंपाउंडमधली मांजरं पकडून ऑपरेशन करून पुन्हा जागेवर सोडतो. लोक ऐकून घेतात. मग म्हणतात, पाप लागेल. म्हणतात, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, आणि हे बोलताना हातात एसीचा रिमोट असतो. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला, मग करू." ती बिचारी त्याच वर्षात पुन्हा आई होते, आणि पिल्लं कुठे गेली ते घरात कुणालाच नीट आठवत नसतं.

बायकांच्या घोळक्यात हा विषय काढला की माना खाली जायच्या. म्हणून मी मावशींना पुढे करायचे. त्या पोस्टमनला काखोटीला मारून उभ्या राहायच्या आणि दोन बोटं मिटून सांगायच्या, "ह्याचं केलं. आता हा सुखी, साड्या सुखी." बायका हसत सुटायच्या, आणि मागे उभे असलेले पुरुष उगाच मोबाइल बघायला लागायचे. हसून झालं की सगळ्या आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी मांजर घेऊन एकही यायची नाही.

माझ्या पत्रकांचा मावशींना एकच उपयोग होता. मशीनचं तेल गळायचं तिथे त्या ती अंथरायच्या. मी एकदा रागावले. त्या म्हणाल्या, "कागद जाड आहे गो तुझा. चांगला शोषतो."

झबलं त्यांनी शोधून काढलं ते असंच. कंपाउंडमधल्या एका मांजरीचं ऑपरेशन झालं होतं आणि ती सारखी टाके चाटत होती. डॉक्टरांनी गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातला, तर ती भोंग्यासकट भिंतीला धडकत राहिली. मावशींनी भोंगा काढला, तिला मांडीवर उताणी घेतली, पोटावरून वीत फिरवली आणि जुन्या परकराचा तुकडा कापला. चार पायांची चार भोकं, पाठीवर बांधायला नाड्या. बाळाला घालतात तसलं झबलं. मांजर दोन तास रुसून आडवी पडली, मग उठून झबल्यासकट दूध प्यायला गेली. त्यानंतर आमच्या प्रत्येक मांजरीला झबलं मिळालं, ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांचं. आमच्या कंपाउंडमध्ये काही दिवस मोराच्या काठाचं झबलं घातलेली एक काळी मांजर फिरायची, आणि शाळेतून येणारी मुलं तिला बघायला थांबायची.

आता त्या जीन्सच्या पिशवीचं सांगते.

दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीने पिल्लं घातली, तेव्हा त्या घरच्यांनी वॉचमनला सांगितलं की ती हायवेपलीकडे कुठेतरी सोडून ये. मावशींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, द्या माझ्याकडे. सोमवारी साड्यांचं काम कमी असायचं. त्या भाईंदरला गेल्या, पश्चिमेहून उत्तनची बस पकडली आणि पिल्लं समुद्रकाठी, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या जवळ ठेवून आल्या. सोबत दहीभाताचा डबा रिकामा करून आल्या. त्यांच्या हिशोबाने मांजराच्या जातीला ह्याहून चांगलं घर मिळणार नव्हतं. आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "रोज ताजी मासळी. पोटाला कमी पडणार नाही."

बिल्डिंगला हे फार आवडलं. कुणाचं पाप नाही, कुणाला त्रास नाही. मग दर काही आठवड्यांनी कुणीतरी खोक्यात फडकं अंथरून मावशींच्या दाराशी यायचं. सोमवारी जाताच आहात ना मावशी, मग एवढी ही पण. कुणी सोबत सुका खाऊ द्यायचं, कुणी बसचे पैसे द्यायला निघायचं आणि मावशी ते घ्यायच्या नाहीत. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. "आपण भाडेकरू गो," त्या म्हणायच्या, "चार लोकांचं ऐकावं लागतं."

गेल्या दिवाळीआधी मी त्यांना भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसच्या रांगेत गाठलं. पिशवीचा बंद एका हातात आणि दुसऱ्या हाताचा तळवा पिशवीच्या बुडाखाली, गरम पातेलं धरल्यासारखा. आतून बारीक आवाज येत होता. मी विचारलं, कुणाची. त्या म्हणाल्या, असतात कुणाची तरी.

मी जरा जास्तच स्पष्ट बोलते, हे मला ठाऊक आहे. आईचं दूध न सुटलेलं पिल्लू मासळी खाऊ शकत नाही, हे मी त्यांना रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तिथे कुत्री आहेत, घारी आहेत, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मावशी, तुम्ही त्यांना मारायला नेताय."

त्यांनी पदर ओढून पिशवीचं तोंड झाकलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "असं बोलू नये बाय त्यांच्यासमोर."

बस आली, त्या चढल्या. मी घरी येऊन नवं पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत ओळ टाकली: पिल्लं टाकून देणारे हात खुनी आहेत. आमच्या गटाला ती ओळ खूप आवडली. बिल्डिंगच्या प्रत्येक दाराच्या फटीतून मी ते पत्रक स्वतः सरकवलं आणि मग कामानिमित्त चार-पाच महिने नाशिकला गेले.

होळीच्या तोंडावर परत आले तर आमची चिंगी बारीक झालेली आणि घरभर काहीतरी शोधत फिरणारी. चिंगी आईची. तिच्या ऑपरेशनची वेळ मी दोनदा घेतली होती आणि दोन्ही वेळा आईने ती रद्द केली होती; कारण वर लिहिलंच आहे, एकदा तरी आई होऊ दे. मी गेल्यावर ती झाली होती. पिल्लं कुठायत विचारलं, तर आई म्हणाली, बोरिवलीला एका चांगल्या घरी दिली. मी जास्त विचारलं नाही. प्रचार करणाऱ्या मुलीच्या घरी पिल्लं झाली, हे आमच्या गटात कुणाला कळू नये, एवढीच मला तेव्हा काळजी होती.

होळीनंतरच्या शुक्रवारी उत्तनची एक कोळीण आमच्या गेटवर आली. गळ्यात क्रॉस, डोक्यावर निळा टब. आम्हाला वाटलं, मासळी विकायला आली. मावशी उत्तनला तिच्याकडून सुके बोंबील घ्यायच्या, तिला मैत्रीण म्हणायच्या, आपण राहतो कुठे तेही त्यांनी तिला सांगून ठेवलेलं. तिने टब खाली ठेवला. आत पोत्याच्या तुकड्यावर तीन पिल्लं होती, मातीच्या रंगाची झालेली, डोळे चिकटलेले.

मावशी मशीनवरून उठून धावत आल्या. कोळीण त्यांच्यावर ओरडली नाही. थकलेल्या माणसासारखं बोलली. "मासली हाय म्हनून मांजराची पोरं जगतात असं न्हाय, बाय. कुत्री हायेत तिथं. मी किती बघू?"

मावशींनी विचारलं, "बाकीची?"

"बाकीची नको इचारू."

मावशी गेटच्या पायरीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या. तेवढ्यात टबात एका पिल्लाने कूस बदलली आणि मला त्याची शेपटी दिसली. टोकाशी वाकडी, गाठ मारल्यासारखी. आमच्या चिंगीची आहे तशीच.

मी वर पाहिलं. आमच्या गॅलरीत आई उभी होती. तिने पाहिलं की मी पाहतेय, आणि ती आत गेली.

ती तिन्ही पिल्लं मी घरी घेऊन आले. त्या रात्री आई आणि मी आळीपाळीने त्यांना ड्रॉपरने दूध पाजत बसलो. चिंगी येऊन तिघांनाही चाटू लागली.

टबाचा फोटो कुणीतरी काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. बिल्डिंगचं नाव खराब होतंय, असं सगळ्यांना एकदम जाणवलं, आणि रविवारी मीटिंग लागली.

सेक्रेटरींच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांनी चष्मा लावून माझी ओळ मोठ्याने वाचली. पिल्लं टाकून देणारे हात खुनी आहेत. मग माझ्याकडे बघून मान डोलावली. पोरीने छान लिहिलंय, अशा अर्थाने. मावशी समोर एका खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि हात पदराखाली घेतले होते.

सेक्रेटरींनी विचारलं, पिल्लं कुणाची होती. नाव सांगा, विषय इथेच संपतो.

ते विचारताना ते चहाच्या कपात बघत होते. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी अर्ध्या लोकांनी मावशींच्या दाराशी खोकी ठेवली होती. चेअरमनच्या घरून तर दोनदा. कुणीही हललं नाही. माझ्या शेजारी आईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

मावशी म्हणाल्या, "माझ्याच मांजराची."

आणि त्याच वेळी पोस्टमन आला. मुद्दाम नाही, त्याची फेरीची वेळच ती. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, शेपूट ताठ वर उभारून, ह्या पायांपासून त्या पायांपर्यंत ओळख देत, सावकाश. दोन वर्षांपूर्वी कच्च झालेला बोका. शेपूट वर असली की मागून सगळं दिसतं, आणि जे नाही तेही दिसतं. प्रत्येकाला दिसलं. पार्किंगमध्ये बसलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की ह्या घरातून कधी एकही पिल्लू बाहेर पडलेलं नाही.

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मग तेही थांबलं.

चेअरमन म्हणाले, "चलो, खुद मान लिया. तो बात खतम." मावशींचा अकरा महिन्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. सुरतला राहणाऱ्या घरमालकाला कळवायचं ठरलं की सोसायटीची हरकत आहे, पुन्हा करार करू नये. हात वर करा म्हणाले. हात वर झाले. ओढणी सोडून आईचाही झाला.

मी उठून उभी राहिले. बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराखालून उजवा हात बाहेर काढून दोन बोटं मिटली. आवाज न करता. कच्च.

मी बसले.

घरी आल्यावर आई सिंकपाशी एकच पातेलं घासत राहिली. मी म्हणाले, बोरिवली. ती पाठमोरीच म्हणाली, "तुला खरं सांगितलं असतं तर तू मला पत्रक वाचून दाखवलं असतंस." ते खरं आहे. मग ती म्हणाली, "त्यांनी आपलं नाव का नाही सांगितलं गं?" आणि पातेलं घासायची थांबली.

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी म्हणाले, अजूनही सगळ्यांना सांगू या. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला इथेच राहायचंय बाय. मी काय, अकरा महिन्यांचं माणूस." मग बराच वेळ मशीन चालवत राहिल्या. दोरा तुटला तेव्हा थांबल्या. "पण नेली तर मीच ना," त्या म्हणाल्या. "दर वेळी नवी जागा शोधायचे गो. आधीच्यांशी भांडू नयेत म्हणून. म्हणून कधी बघायलाच नाही गेले, आधीची कशी आहेत ते."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आपल्या हातांकडे बघत होत्या. ती ओळ मी लिहिली होती.

खोली शोधायला मी त्यांच्याबरोबर फिरले. एकटी बाई म्हटलं की एजंट भुवया वर करायचे. मशीनचा आवाज म्हटलं की मान हलवायचे. मांजर म्हटलं की फोन ठेवायचे. एकाने सांगितलं, मांजर सोडून द्या कुठेतरी, खोली लगेच देतो. मावशींनी त्याला शांतपणे विचारलं, "कुठे सोडू, ते पण सांग." शेवटी काशीगावच्या आत कुठेतरी एक खोली मिळाली म्हणाल्या. पत्ता देते म्हणाल्या आणि दिला नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांचं मशीन दिवसभर चालू असायचं. आम्हाला वाटलं, जायच्या आधी राहिलेल्या साड्या संपवतायत. बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या साड्या घेऊन गेल्या. काही जणी जास्तच गोड बोलल्या. मावशींनी प्रत्येकीच्या मांजरीची चौकशी केली, आता केवढी झाली ते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मशीन दोरीने बांधलं, पलंग उभा केला, खुर्ची सगळ्यात वर. मावशी ड्रायव्हरशेजारी बसल्या. मांडीवर जीन्सची पिशवी आणि पिशवीतून बाहेर पोस्टमनचं डोकं, त्या दिवशीची फेरी चुकल्यामुळे रागावलेलं. त्यांचा तळवा पिशवीच्या बुडाखाली होता. निरोपाला खाली कोण आलं होतं विचारू नका. वॉचमन आणि मी; मी तर सामान बांधू लागायला पहाटेच उतरले होते. आई गॅलरीत होती. मावशींनी वर बघून तिला हात केला. टेम्पो वळला.

मी जिन्याने वर निघाले तेव्हा पहिल्या मजल्यावर एका दाराच्या कडीला काहीतरी लटकलेलं दिसलं. फुलाफुलांचं, लहान. बाळाचं कुणी विसरलं असेल म्हणून हातात घेतलं. चार भोकं, पाठीवर नाड्या.

दुसऱ्या मजल्यावर अजून दोन. तिसऱ्यावर चेअरमनच्या दाराला, मोराच्या काठाचं. आमच्या दाराला निळं सुती होतं. मागच्या बाजूला, शेपटीपाशी, थोडं जास्त कापड सोडून मोठं केलेलं. वाकड्या शेपटीला टोचू नये म्हणून.

ज्या ज्या घरातून कधी खोकं खाली आलं होतं, त्या त्या दाराला झबलं होतं. ज्यांनी कधी दिलं नाही त्यांची दारं मोकळी होती. कुठेही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सकाळी दूध घ्यायला, शाळेला, ऑफिसला निघालेला प्रत्येक माणूस त्या जिन्याने उतरला आणि त्याने वाटेतली सगळी दारं पाहिली. अर्ध्या तासात सगळी झबली घरात गेली, दारं लागली. नंतर ऐकलं की बाई जाता जाता आमचा अपमान करून गेली.

मला तसं वाटत नाही. मी आमचं झबलं उलटं करून पाहिलंय. आतली प्रत्येक कड दुमडून शिवलेली आहे, मांजराच्या अंगाला दोरा लागू नये म्हणून. अपमान करायचा असता तर वरून टाका मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी मापं घेतली, आणि त्यांना वाटलं असेल की आता तरी ही माणसं करतील, मग टाके चाटायला नकोत. बाकीचा अर्थ आपला आपल्याला लागला, कारण तो आपल्याकडे आधीपासून होता.

चिंगीचं ऑपरेशन दहा दिवसांनी झालं. आई स्वतः घेऊन गेली. झबलं बरोब्बर बसलं. दोन दिवस चिंगी त्यात रुसून बसली, आणि आई तिच्याशेजारी जमिनीवर. वाकड्या शेपटीचं पिल्लू आम्ही ठेवलंय. बाकीची दोन आमच्या गटातल्या दोघांनी नेली. एवढं सोडून बिल्डिंगमध्ये अजून एका घराने ऑपरेशन केलं. बाकी झबल्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. एकाचं मात्र माहीत आहे. चेअरमनचा ड्रायव्हर सकाळी गाडीची काच पुसतो ते फडकं मोराच्या काठाचं आहे. आणि त्यांची मांजर पुन्हा गाभण आहे. पार्किंगमध्ये, त्याच जागी, जिथे खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे ऊन खात पडलेली असते.

परवा चेअरमनच्या बाईंनी वॉचमनला विचारलं, सोमवारी तू कुठे जातोस का रे.

काशीगावात मी दोनदा फिरून आले. फॉल-पिकोच्या पाट्या बऱ्याच आहेत. दाराशी खुर्चीवर पिवळा बोका बसलेला कुठे दिसला नाही. माझं ते पत्रक मी आता वाटत नाही. ती ओळ कुणाच्या हातांबद्दल लिहायला हवी होती, ते मला त्या रविवारी हात वर झाले तेव्हा कळलं.

तुमच्या दाराला झबलं लागलेलं नाही म्हणून सुटलात असं समजू नका. तुमच्याही बिल्डिंगमध्ये नाही म्हणता न येणारं एक माणूस असतं, आणि तुमच्याही घरात एक खोकं असतं. ह्याच आठवड्यात तुमचं मांजर उचला आणि डॉक्टरकडे न्या, मादी असो की बोका. आणि आजवर पिल्लं कुणाच्या हातात सोपवली असतील, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उभे राहा आणि म्हणा: ती पिल्लं आमची होती.